खाकी, तपकिरी, शेवाळी : लष्करी प्रतिकृतींच्या रंगकामाविषयी

लष्करी लघुप्रतिकृती म्हणजे रणगाडा, मालमोटार, तोफ, विमान किंवा सैनिक यांची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, प्लॅस्टिक, राळ, धातू अथवा पुठ्ठा यांतून घडवलेली आणि शेवटी हाताने रंगवलेली आवृत्ती होय. हे काम ज्यांनी दीर्घकाळ केले आहे त्यांचा अनुभव असा, की जुळणीतील चूक पुष्कळदा झाकता येते, पण रंगातील चूक खोलीच्या दारातूनच दिसते. बेळगाव–निपाणी या सीमाभागात या कामाला दोन वेगवेगळ्या बाजूंनी खतपाणी मिळाले आहे. एकीकडे बेळगावचा कॅम्प आहे, जेथे १९२२ सालापासून मराठा रेजिमेंटचे केंद्र नांदते आहे, ज्या रेजिमेंटच्या सर्वांत जुन्या पलटणीची उभारणी १७६८ सालची आहे आणि जिच्या जवानांचे गणवेश, गाड्या व संचलने शहराच्या रोजच्या दृश्याचा भाग आहेत. दुसरीकडे गल्लोगल्ली दिवाळीत उभे राहणारे मातीचे किल्ले आणि त्यांवर मांडली जाणारी मावळ्यांची रंगीत 'चित्रे', म्हणजे छोट्या मूर्ती, आहेत. पहिल्या परंपरेला वास्तवाचा हुबेहूबपणा हवा असतो आणि दुसरीला ठसठशीतपणा; दोन्हींत हात घालणाऱ्याला मात्र काही वर्षांनी कळून येते, की दोन्हीकडे रंग निवडताना पडणारा प्रश्न एकच आहे, आणि तो डबीवर छापलेल्या क्रमांकाने सुटत नाही.

भारतीय लष्कराच्या गाड्यांचा रंग 'ऑलिव्ह ग्रीन' असे सरसकट म्हटले जाते आणि नवशिका रंगवणारा त्या नावाची बाटली मागवून सुरुवातही करतो. परंतु कॅम्पातील रस्त्याच्या कडेला उभे राहून एखादा ताफा नीट पाहिला, तर पाच मालमोटारींत पाच हिरवे दिसतात. त्याची कारणे रंगाच्या घडणीतच आहेत. एनॅमल म्हणजे राळेच्या माध्यमात रंगद्रव्य घोटून केलेला, वाळल्यावर कठीण होणारा तैलरंग. त्यातील माध्यम उन्हाने वरच्या थरात कुजत जाते आणि मोकळे झालेले रंगद्रव्य भुकटीसारखे पृष्ठभागावर साचते, म्हणून जुन्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला तर तळहाताला खडूसारखी पूड लागते. बॉनेट आणि टप हे आडवे भाग ऊन थेट खातात, दारे तिरके ऊन घेतात, चाकांच्या वरचा आतला भाग ऊन कधी पाहतच नाही; साहजिकच एकाच गाडीवर तीन वयांचे हिरवे असतात. त्यात मध्येच एखादे दार नव्याने रंगवलेले असते, आणि मागची ताडपत्री तर मुळात कापडच असल्याने तिचा हिरवा पिवळटपणाकडे झुकतो. जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेल्या शक्तिमान मालमोटारी आणि जोंगा गाड्या कित्येक दशके लष्कराच्या सेवेत होत्या आणि या भागातील ज्येष्ठ रंगवणाऱ्यांची नजर त्यांच्यावर घडली आहे; शक्तिमानची प्रतिकृती पुष्कळदा सनबोर्ड आणि प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यापासून स्वतःच उभी करावी लागते, त्यामुळे तिच्या प्रत्येक पृष्ठभागाशी हाताची ओळख झालेली असते आणि कुठे किती ऊन पडले असेल याचा विचार रंगाच्या आधीच सुरू होतो.

रंगाच्या निवडीत दुसरी अडचण प्रमाणाची आहे. १:३५ हे प्रमाण लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींत सर्वाधिक रुळले आहे. त्याचे मूळ जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या पँथर रणगाड्याच्या मोटर बसवलेल्या प्रतिकृतीत आहे, जिच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात एवढाच त्या आकारामागचा हिशेब होता. या प्रमाणात १७० सेंटिमीटर उंचीचा जवान ५ सेंटिमीटरहून किंचित कमी भरतो, आणि अशी प्रतिकृती डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरून पाहणे म्हणजे खरी वस्तू साडेदहा मीटरवरून पाहणे होय. १:७२ प्रमाणातील वस्तू तेवढ्याच अंतरावर धरली, तर ते अंतर साडेएकवीस मीटरवर जाते. अंतर वाढले की मधल्या हवेमुळे रंग फिका व करडा होतो, गडद भागांचा काळेपणा कमी होतो आणि चकाकी मरते. म्हणून खऱ्या गाडीच्या पत्र्याचा रंग तंतोतंत जुळवून छोट्या प्रतिकृतीवर चढवला, तर ती प्रतिकृती जड आणि खेळण्यासारखी दिसते. रंगवणारे याला प्रमाणाचा परिणाम म्हणतात आणि मूळ रंग थोडा उजळून घेतात. उजळण्यासाठी पांढरा घालावा असे पुस्तकी सूत्र आहे, परंतु ऑलिव्ह ग्रीनमध्ये पांढरा घातला की तो निळसर व आजारी दिसू लागतो हे ज्याने एकदा पाहिले तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. त्याऐवजी पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, किंवा फिकट बदामी रंग घालणे हितावह ठरते. बाहेरचे महागडे रंग ज्या काळात बेळगावात सहज मिळत नव्हते त्या काळात खडेबाजारातून आणलेल्या साध्या पिवळ्यात थोडा काळा मिसळून शेवाळी हिरवा तयार करण्याची युक्ती अनेकांनी वापरली, आणि खरे सांगायचे तर हिरव्या रंगाचा थेंबही न वापरता तयार झालेला तो हिरवा अनेकदा बाटलीतल्या तयार हिरव्यापेक्षा अधिक लष्करी दिसतो.

येथे मराठी रंगनामांचा एक उपयोग सांगण्यासारखा आहे. मराठीत रंगांची बरीच नावे वस्तूंवरून आलेली आहेत आणि त्या वस्तू नुसता रंग सांगत नाहीत, पोतही सांगतात. खाकी हा शब्द फारसीतील 'खाक' म्हणजे धूळ यावरून आला. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन याने उभारलेल्या गाइड्स पलटणीपासून तो गणवेशाचे नाव बनला आणि पुढे जगभर पसरला. तपकिरी हा शब्द 'तपकीर' म्हणजे नाकात ओढण्याची तंबाखूची बारीक भुकटी यावरून आला, आणि ज्या निपाणीची बाजारपेठच तंबाखूवर वाढली तिथल्या माणसाला तपकिरी हा एकच रंग आहे असे सांगून पटणार नाही. शेतात उन्हात वाळायला पडलेले पान, वखारीत थप्पी लागलेले पान, कुटलेली पूड आणि विड्यांच्या कारखान्यात ओलसर ठेवलेला माल यांचे तपकिरी वेगवेगळे असतात. पहिला कोरडा व पिवळट असतो, शेवटचा जवळजवळ गुळासारखा काळपट तांबूस असतो. चामड्याचे बूट, बंदुकीचा लाकडी दस्ता, पट्टा आणि संगिनीचे म्यान या चार तपकिरी वस्तू एकाच बाटलीतून रंगवल्या की बाहुली एकाच लाकडातून कोरल्यासारखी दिसते. त्याऐवजी दस्त्याला गुळाचा, पट्ट्याला वाळल्या पानाचा, बुटाला बेळगावच्या कुंदा या मिठाईचा असा घरचा वस्तुपाठ मनाशी धरून रंग मिसळले, तर हात आपोआप फरक राखतो. शेवाळी म्हणजे पावसाळ्यात जांभ्याच्या भिंतीवर चढणाऱ्या शेवाळाचा रंग, आणि त्याचेही ओले व वाळलेले असे दोन प्रकार आहेत. ऑलिव्ह या फळाशी या भागाचा काडीचाही संबंध नसताना मुलांनी त्या फळाच्या नावाने रंग ओळखावा याचे थोडे नवल वाटते.

सैनिकाची आकृती रंगवताना रंगाची निवड इतिहासावर, त्यातही तारखेवर टेकलेली असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील मुंबई फौजेच्या शिपायाचा कोट लाल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात सापडलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागलेल्या सैन्यातील १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींचा गणवेश खाकी. वेढा कित्येक महिने चालला आणि उपासमार झाली, म्हणून कूतच्या शेवटच्या आठवड्यांतील जवान रंगवायचा असेल, तर त्याची खाकी जवळजवळ हाडाच्या रंगाची, गुडघ्या–कोपरांवर विरलेली आणि पगडीच्या घड्यांत मळलेली दाखवणे भाग असते, आणि चेहऱ्यावर गालांखालची सावली एरवीपेक्षा खोल द्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींतील दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने धाव घेतली, टॉमीगनमधील गोळ्या संपल्यावर तीच उलटी धरून लढले आणि त्याच ठिकाणी धारातीर्थी पडले. नामदेव जाधव यांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठावरचा. रेजिमेंट एक, देश एक, अंतर नऊ महिन्यांचे. तरी रंगवणाऱ्यापुढे दोन वेगळी कापडे येतात. उन्हाळ्यात सुती खाकी ड्रिल आणि थंडीत लोकरीचा बॅटलड्रेस अशी तिकडच्या फौजांची रीत होती, त्यामुळे जुलैतील घाडगे यांच्या आकृतीला उन्हाने व घामाने पांढरट पडलेले सुती कापड शोभते, पण एप्रिल महिना दोन ऋतूंच्या शिवेवर असल्याने जाधव यांच्या आकृतीसाठी त्या आघाडीची त्या आठवड्यातील छायाचित्रे पाहिल्याशिवाय कुंचला उचलू नये हेच शहाणपणाचे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणखी तिसरा, जंगल ग्रीन नावाचा गडद हिरवा आला. स्वातंत्र्यानंतर ऑलिव्ह ग्रीन स्थिरावला. आणि १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी बारीक चौकड्यांच्या नक्षीचा नवा लढाऊ गणवेश दाखल झाला, ज्याची नक्षी १:३५ प्रमाणात एकेक ठिपका देऊन रंगवणे म्हणजे डोळ्यांची परीक्षाच आहे.

कापडापेक्षाही कठीण काम त्वचेचे. बाहेरून येणाऱ्या 'फ्लेश' नावाच्या बाटलीतला रंग युरोपीय कातडीसाठी बनवलेला गुलाबीसर रंग असतो आणि शाळेच्या रंगपेटीतला 'स्किन' म्हणून ओळखला जाणारा खडूही त्याच जातीचा. तो मराठा जवानाच्या चेहऱ्यावर लावला की शिपाई आजारी दिसतो, आणि तो चुकीचा दिसू नये म्हणून त्यात नुसता काळा मिसळला की चेहरा राखेसारखा होतो. गव्हाळ या नावातच उपाय दडलेला आहे, कारण गव्हाच्या दाण्यात पिवळा, तांबडा आणि करडा हे तिन्ही एकत्र असतात. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेल्या लोहमातीचा तांबूस तपकिरी रंग पाया म्हणून घ्यावा, सावलीसाठी त्यात अंबर म्हणजे गडद तपकिरी मातीरंगाची भर घालावी, आणि उंचवट्यांवर यलो ऑकर व अगदी थोडा पांढरा द्यावा. नाकाचे टोक, गालांची हाडे आणि कानाच्या पाळ्या येथे किंचित लाल राखला की चेहऱ्यात रक्त खेळते. सावलीत काळा कधीही वापरू नये, आणि डोळ्यांतले पांढरे तर शक्यतो पांढरे ठेवूच नये. ५ सेंटिमीटरच्या आकृतीत पूर्ण पांढरे डोळे असतील तर प्रत्येक शिपाई घाबरलेला दिसतो.

आता थरांचा विचार. प्रतिकृतीवर रंग चढवण्याचा क्रम साधारण असा असतो, की साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढायचा, मग अस्तर द्यायचे, मग मूळ रंग, मग सावल्या, मग उजळ कडा, आणि शेवटी मळ, गंज व धूळ. अस्तर म्हणजे प्लॅस्टिकला घट्ट धरणारा आणि वरच्या रंगाला बसायला जागा देणारा पातळ करडा, काळा किंवा तांबूस थर. मूळ रंगानंतर येणारा पातळ गडद रंगाचा थर, ज्याला रंगवणारे वॉश म्हणतात, खाचांत, रिव्हेटांभोवती व पटलांच्या फटींत साचून बसतो. आणि ड्राय ब्रश म्हणजे कुंचला रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून, मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवणे, जेणेकरून रंग फक्त कडांना लागतो. ही सारी रीत कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडते. तिच्यात बहुधा सांगितला जात नाही तो मुद्दा असा, की थरांचा हा क्रम म्हणजे त्या वस्तूच्या आयुष्याचा क्रम आहे: कारखान्यात अस्तर लागले, नंतर हिरवा लागला, हिरवा उन्हाने विटला, कडा घासल्या गेल्या, खाली अस्तर उघडे पडले, त्याखाली लोखंड दिसले, लोखंड गंजले, गंजावर चिखल आला, चिखल वाळला. रंगवताना हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी चिखल दिला आणि त्यावर उजळ कड ओढली, तर पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे मात्र जाणवते.

गंजाचा धडा घेण्यासाठी बेळगावच्या रंगवणाऱ्याला दूर जावे लागत नाही. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतील ओतकामाच्या कारखान्यांबाहेर लोखंडी ओतीव भाग उघड्यावर रचलेले असतात आणि त्यांच्याकडे आठवडाभर पाहिले तर कळते, की ताजा गंज नारिंगी व पिवळट असतो, जुना गंज गडद तपकिरी आणि जवळजवळ जांभळट असतो, आणि ताजा नेहमी जुन्यावर, पाण्याचा ओघळ जिथून गेला तिथेच येतो. म्हणून प्रतिकृतीवर आधी गडद तपकिरी, नंतर कमी जागेत नारिंगी असा क्रम ठेवावा. पुष्कळ हौशी रंगवणारे एकदम नारिंगी फासतात आणि मालमोटार भाजीच्या टोपलीसारखी दिसू लागते. तेथील फॅब्रिकेशनच्या कामात लागणारा रेड ऑक्साइड हा गंजरोधक तांबडा अस्तर–रंगही पाहून ठेवण्यासारखा आहे, कारण कडेवरचा हिरवा उडाला की पुष्कळदा खाली गंज नव्हे, तर हे अस्तर दिसते, आणि ते गंजापेक्षा अधिक सपाट व अधिक विटकरी असते.

थरांची जाडी हाही एक नाजूक प्रश्न आहे. कुंचल्याने दिलेले दोन हात मिळून समजा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाडीचा थर झाला, तर १:३५ प्रमाणात तो पावणेदोन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचा रंग ठरतो, म्हणजे खऱ्या गाडीवर पोळपाटाच्या कडेइतका जाड लेप. रिव्हेटांचे गोल डोके त्यात बुजते, बुटाची नाडी नाहीशी होते. म्हणून रंग दुधाइतका पातळ करून चार हात द्यावेत, घट्ट रंगाचा एक देऊ नये. हा नियम सर्वांना माहीत असतो आणि प्रत्येकजण तो घाईत एकदा तरी मोडतो.

रंगांच्या जातींचे वैरही येथे लक्षात घ्यावे लागते. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक, टर्पेंटाइनने पातळ होणारे एनॅमल आणि तीव्र थिनर लागणारे लॅकर या तीन जातींत लॅकर सर्वांत आक्रमक असतो; तो खाली द्यावा, वर एनॅमल चालतो, पण एनॅमलवर लॅकर दिला तर त्यातील थिनर खालचा थर उकलून टाकतो. लेखकाच्या स्वतःच्या कामात एका मालमोटारीच्या प्रतिकृतीवर, कित्येक आठवड्यांचे काम पूर्ण झाल्यावर, शेवटची झाक देण्यासाठी चुकीच्या जातीचे वार्निश फवारले गेले आणि टपावरचा हिरवा रंग उकळत्या दुधावरील सायीसारखा सुरकुतला; ते टप पुन्हा घडवावे लागले. दुसरा शत्रू पाऊस. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो, की फवारलेल्या लॅकरमधील द्रावक भरभर उडून पृष्ठभाग थंड झाला की त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंगावर दुधाळ पडदा येतो. या पडद्याला काहीजण बुरशी समजतात. त्याचा नेहमीचा उपाय म्हणजे पावसाळ्यात फवारणी न करता जुळणी आणि कुंचल्याचे काम करणे, आणि फवारणी नवरात्रानंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवणे. एअरब्रश म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाचे तुषार उडवणारी लेखणीसारखी नळी; तिच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी न काढता पावसाळ्यात ती चालवली, तर रंगाबरोबर पाण्याचे थेंबही प्रतिकृतीवर येऊन बसतात.

शेवटचा थर मातीचा, आणि सीमाभागात माती म्हणजे केवळ 'माती' नव्हे. निपाणी, चिकोडीकडची जमीन काळी, कापसाळ, ओली झाली की चाकाला लोळ्यांनी चिकटणारी आणि वाळली की राखाडी पडणारी. बेळगावच्या पश्चिमेला व खानापूरकडे जांभ्याची तांबडी माती, जी चिकटत कमी असली तरी भुकटी होऊन सर्वत्र उडते आणि हिरव्या रंगावर नारिंगी झाक चढवते. निपाणीजवळचा तवंदी घाट ओलांडून बेळगावला येणारी मालमोटार पावसाळ्यात दोन मातींची झालेली असते: चाकांच्या आतल्या कडांना काळ्या मातीचे वाळलेले थर आणि मागच्या फळीवर तांबडी धूळ. प्रतिकृतीच्या तळपट्टीवर जी माती दाखवली आहे तीच चाकांवर असावी एवढे भान पुष्कळांना असते; पण रंगवलेल्या चिखलापेक्षा खरी वाळलेली माती चाळून, पातळ गोंदात कालवून लावली तर ती अधिक बरी दिसेल हा समज मात्र फसवा आहे, कारण खरे कण त्या प्रमाणात खडी होऊन बसतात आणि त्यांचा रंगही ओल्या गोंदात गडद होतो. त्यापेक्षा खडूच्या रंगीत काड्या खरवडून मिळणारी बारीक पूड कुंचल्याने चोळावी. तांबड्या मातीसाठी पूर्वी काव, म्हणजे भिंती व कुंड्या रंगवायची तांबडी माती, बारीक वस्त्रगाळ करून वापरली जात असे. ती आजही अनेक आयात भुकट्यांपेक्षा सरस ठरते, कारण ती मुळातच या मातीची आहे.

दिवाळीच्या किल्ल्यांची कामे करणाऱ्यांपुढे रंगनिवडीचा हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने येतो. पोती, विटा, दगड यांचा सांगाडा, त्यावर चिखल, चिखलावर मोहरी, अळीव किंवा नाचणीचे दाणे, आणि दाणे उगवून हिरवे झाल्यावर तटबंदी, बुरूज, दरवाजे व मावळ्यांची चित्रे असा हा क्रम असतो. चित्रे शाडूची किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसची असतात. प्लॅस्टर रंगातले पाणी शोषून घेते, म्हणून आधी पांढऱ्याचा हात, तो वाळल्यावर अंगाचा रंग, मग कपडे, मग पगडीचा पट्टा व तलवारीची चंदेरी, आणि सर्वांत शेवटी डोळे व मिशा यांची आखणी करतात. गुलाबी, पिवळा, भगवा, निळा असे हे रंग मळ, धूळ किंवा सावली न देता सपाट फासलेले असतात, आणि प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी लोकांत त्यांच्याकडे बालिश म्हणून पाहण्याची पद्धत पडली आहे. ही पद्धत चुकीची आहे. १० सेंटिमीटर उंचीचा मावळा साधारण १:१७ प्रमाणाचा असतो, तो किल्ल्याच्या कट्ट्यापासून दोन मीटरवर उभे राहून पाहिला जातो, म्हणजे हिशेबाने ३४ मीटरवरून. आणि तोही बहुधा रात्री, पणत्यांच्या पिवळ्या, हलत्या उजेडात. त्या उजेडात हळुवार सावल्या व राखाडी छटा नाहीशा होतात, निळा काळसर दिसतो, आणि टिकतात ते फक्त भगवा, पिवळा, पांढरा व मिशीची काळी रेघ. ही चित्रे रंगवणाऱ्याने प्रमाणाचा परिणाम कधी पुस्तकात वाचलेला नसतो; तरीही त्याच्या कुंचल्याने तो अचूक ओळखलेला असतो. किल्ल्याच्या प्रमाणाचे म्हणाल तर बुरूज दोनशेपट लहान, मावळा सतरापट आणि अळिवाची हिरवळ त्या बुरुजाला जंगल तर मावळ्याला गुडघाभर गवत. या गोंधळाबद्दल आजवर कोणत्याही मुलाने तक्रार केलेली नाही.

किल्ला पाडवा–भाऊबीजेनंतर उतरवला जातो आणि चित्रे पेंढ्यात गुंडाळून माळ्यावर जातात. पुढच्या वर्षी काहींची नाके गेलेली असतात, तलवारीची टोके तुटलेली असतात, आणि घरातले कोणीतरी दुकानातून आणलेल्या ताज्या रंगाने त्यांना पुन्हा रंगवते, जुना थर न खरवडता. असे अनेक वर्षे झालेले चित्र हातात घेतले तर ते मूळच्यापेक्षा जाड आणि गुळगुळीत लागते. अंगठ्याची नखे व अंगरख्याच्या चुण्या भरून गेलेल्या असतात, आणि खांद्यावर रंग उडालेल्या जागी नीट पाहिले तर वरचा भगवा, त्याखालचा पिवळा, त्याखालचा कधीकाळचा राणी रंग, त्याखाली पांढरा हात आणि अगदी तळाशी प्लॅस्टर असे थर एकाखाली एक मोजता येतात.